खुंटीवरचा सदरा

माझा आवाज द्राक्षाच्या आठ ओळी ओलांडून जायचा. बढाई मारत नाही, आमच्याकडच्या कुठल्याही बागेत जाऊन विचारा. मी योगिता बोरस्ते, दिंडोरीकडची, बावीस बायांच्या टोळीची मुकादम. आता २०३८ साल आहे. फवारणी ड्रोन करतो, छाटणीला यंत्र आलं, पाणी किती द्यायचं ते मोबाइल सांगतो. पण घडातले बारके मणी काढून उरलेल्यांना जागा करून द्यायची, ती विरळणी अजून बाईच्या बोटांनीच होते. आणि बावीस बाया म्हणजे बावीस तोंडं. त्यांच्यावर आवाज चढवायचा तर तो असावा लागतो. माझा होता. बारीक आणि खणखणीत.

तो आवाज गेला कसा, ते सांगते. कुणी मारलं नाही, कुणी फसवलं नाही. खुंटीवर टांगलेला एक सदरा उचलून मी अंगात घालत गेले, एवढंच.

आमच्याकडं बागेत जाताना बाया साडीवर नवऱ्याचा सदरा चढवतात. पूर्ण बाह्यांचा, सुती. ऊन लागत नाही, काडी ओरबाडत नाही, फवाऱ्याची भुकटी अंगाला बसत नाही. मला हे माझ्या आईनं शिकवलं. लग्नानंतर पहिल्यांदा कामाला निघाले तेव्हा तिनं मुद्दाम निरोप धाडला होता, "जावईबापूंचा सदरा घालून जा गं, नाहीतर आठवड्यात काळी ठिक्कर पडशील." ती स्वतः जन्मभर आमच्या बापाचा सदरा घालून शेतात राबली. बाप गेल्यावरही घालत होती, फाटेपर्यंत.

आता आमचे हे. रावसाहेब बोरस्ते, नाव रावसाहेब आणि स्वभाव गायीचा. चार वर्षांपूर्वी हा माणूस बसल्या जागी विझायला लागला. दुपारी झोप, संध्याकाळी झोप, बोलणं नाही, हसणं नाही. शिट्टी वाजवत ठिबकच्या नळ्या तपासायची ह्यांना सवय, ती शिट्टी बंद. एक दिवस बांधावरून साधा पाय घसरला आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्यानं हाड मोडत नाही, रक्त तपासा. तपासलं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती सुस्तावली होती. पुरुषाच्या अंगात जे टेस्टोस्टेरॉन तयार व्हायला हवं, ते ह्यांच्यात जवळजवळ तयारच होत नव्हतं. त्यानं हाडं भुसभुशीत, मन खचलेलं.

औषध म्हणून एक नवा लेप मिळाला. संध्याकाळी आंघोळ झाली की खांद्यांना आणि दंडांना चोळायचा. सोबत कागद होता, तो मीच वाचून दाखवला. हात साबणानं धुवा. लेप लावलेल्या जागी बायकामुलांचा स्पर्श होऊ देऊ नका. ती जागा पूर्ण बाह्यांच्या सुती कपड्यानं झाकून घ्या.

आमचे हे असल्या बाबतीत काटेकोर. लेप लावला की तीनदा हात धुणार, सदरा घालून गळ्यापर्यंत बटणं लावणार आणि सदऱ्यासकट झोपणार, तेही वेगळ्या खाटेवर. मी चिडवायचे, "अहो, मी काय वीज आहे का, हात लावला तर झटका बसायला?" हे म्हणायचे, "कागदावर लिहिलंय ना, मग."

दोन महिन्यांत माणूस परत आला. सकाळी शिट्टी ऐकली आणि मी चुलीपाशी बसून रडले, खरंच सांगते. त्या लेपाच्या डबीला हळदीकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं.

सकाळी हे तो सदरा काढून खुंटीला लावायचे. मी निघताना तोच उचलायचे. म्हटलं, आज धुवायचाच आहे, मग मळू दे की अजून दिवसभर. दुसरा कशाला घाण करायचा? आणि खरं कारण सांगू? त्या सदऱ्याला ह्यांचा वास असायचा. वेगळ्या खाटेवर झोपणाऱ्या नवऱ्याचा तेवढाच वास दिवसभर अंगावर राहायचा. मला बरं वाटायचं.

दोन वर्षं मी हे करत होते.

पहिल्यांदा पाळी चुकली. म्हटलं बेचाळिशी ओलांडली, जायचीच वेळ. मग हनुवटीवर राठ केस आले. ते चिमट्यानं उपटून टाकले आणि गप्प बसले. मग घसा बसला तो बसलाच. बायांना तर आयतं खेळणं मिळालं. आमच्यातली हिराबाई मोठ्यानं म्हणायची, "पोरींनो, हात उचला. आपली मुकादमीण गेली, आता मुकादम आला!" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. आत काहीतरी टोचायचं, पण कामाच्या घाईत कोण बघत बसतं.

टोचलं ते आईच्या फोनवर.

माझं माहेर कळवणच्या पुढं, डोंगराकडं. आई तिथं माझ्या भावाकडं, निवृत्तीदादाकडं असते. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले, ते दहा वर्षांपूर्वीच. मग हळूहळू आठवणही जायला लागली. सुनेचं नाव विसरली, गावाचं नाव विसरली, कधी कधी दादालाही म्हणायची, "तुम्ही कोणाकडचे?" पण दिवेलागणीला माझा फोन गेला आणि मी "आई" म्हटलं की तिकडून लगेच, "योगी! जेवलीस का?" दादा म्हणायचा, तुझ्या एका हाकेवर ती दिवस काढते. सगळ्या जगातून तिला तेवढी एक गोष्ट ओळखू येत होती, माझा आवाज.

आधी ती म्हणाली, "घसा बसला वाटतं. ज्येष्ठमध चघळ." महिनाभर रोज ज्येष्ठमध. मग एका संध्याकाळी मी "आई" म्हटलं आणि तिकडून काहीच नाही. मी परत म्हटलं. ती अगदी परक्याशी बोलतात तशा अदबीनं म्हणाली, "कोण बोलताय भाऊ? जरा योगीकडं द्या ना फोन."

"आई, मीच योगी."

फोन खाली आपटल्याचा आवाज आला. मग दादा आला. दबक्या आवाजात म्हणाला, "ती थरथरतीये गं. म्हणतीये, कुणीतरी बाप्या माझ्या पोरीच्या नावानं बोलतोय, पोरीचं बरंवाईट झालं असेल."

मी दुसऱ्या दिवशी बागेतून परस्पर नाशिक गाठलं. अंगावरचे कपडेसुद्धा बदलले नाहीत.

डॉ. तरन्नुम शेख, वयानं माझ्या पुण्यातल्या लेकीहून थोडी मोठी. तासाभरात आलेला रक्ताचा कागद बघून तिनं चष्मा काढला. म्हणाली, "ताई, टेस्टोस्टेरॉन बाईच्या अंगातही असतं, पुरुषाच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढं. तुमचं मात्र एखाद्या तरण्या पुरुषाएवढं आहे. घरात कुणी लेप लावतं का?"

"नवरा लावतो. पण मॅडम, ते फार जपतात."

"मिठी मारता? एका अंथरुणात झोपता?"

"चोवीस वर्षं झाली लग्नाला," मी म्हटलं. "आणि लेप आल्यापासून खाटही वेगळी."

"टॉवेल? साबण? उशी?"

सगळं वेगळं. ती पेन आपटत राहिली. मग तिची नजर माझ्या खांद्यावर थांबली.

"ताई, हा शर्ट कुणाचा?"

मी खाली बघितलं. निळ्या चौकड्यांचा, ह्यांचा. सकाळी खुंटीवरून उचललेला. तिनं सांगायच्या आधीच मला कळलं.

तिनं तो सदरा एका पिशवीत बांधून तपासायला पाठवला आणि आठवड्यानं आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावलं. हा लेप जुन्या मलमासारखा नसतो. त्यात केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या लाखो पुड्या असतात, प्रत्येक पुडीत औषध. पुडी कधी उघडायची ते तिला ठाऊक असतं. अंगाची ऊब आणि घामाचा खारटपणा एकत्र मिळाला की उघडते. म्हणजे माणूस राबायला लागला, गरज वाढली, की औषध मिळतं. हुशारीची गोष्ट आहे. पण सगळ्याच पुड्या कातडीत मुरत नाहीत. उरलेल्या कपड्याच्या सुतात अडकतात आणि झोपलेल्या माणसाच्या अंगावर बंदच राहतात. गार पाण्यात धुतलं तरी पूर्ण निघत नाहीत. तसा सदरा दुसऱ्या कुणी चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात दिवसभर घामानं भिजवला, तर मात्र सगळ्या तिथंच उघडतात.

"ज्यांनी तो कागद लिहिला, त्यांनी कपडा म्हणजे आडोसा धरला," डॉक्टर म्हणाली. "नवऱ्याच्या अंगावरून उतरलेला कपडा बायको कामाला घालून जाते, हे त्यांच्या कुणाच्या घरात नसावं. मलाही आधी सुचलं नाही. माफ करा."

"पण आता थांबवलं की सगळं ठीक होईल ना?" हे विचारत होते.

"पाळी येईल, केस कमी होतील." ती माझ्याकडं वळली. "ताई, घशातल्या आवाजाच्या तारा जाड झाल्या आहेत. त्या परत बारीक होत नाहीत."

घरी पोचल्याबरोबर ह्यांनी सगळे पूर्ण बाह्यांचे सदरे काढले, अकरा होते, आणि गोठ्यामागं नेऊन पेटवले. लेपाची डबीही त्यातच टाकली. मी ओरडले, "अहो, डबी कशाला? तुम्हाला ते लागतं!" माझाच आवाज माझ्या कानावर आला, जाड, घोगरा, भांडायला आलेल्या माणसाचा. ह्यांनी कान झाकले. मुद्दाम नाही झाकले, हात आपोआप वर गेले असतील. पण मी ते बघितलं.

दीड महिना ह्यांनी काही औषध घेतलं नाही. परत खाट धरली. म्हणायचे, "तुझा आवाज घेऊन मी कशाला उभा राहू?" मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. मी म्हटलं, "माझा आवाज गेलाच आहे. आता नवराही घालवून बसू का? उठा!" शेवटी तीन महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनवर मांडवली झाली. त्यात अंगाला, कपड्याला काही लागत नाही. माणूस पुन्हा उभा राहिला. शिट्टी मात्र आली नाही. मी बोलले की ह्यांची मान खाली जाते, म्हणून मी घरात बोलणं कमी केलं. मला मागावं लागू नये म्हणून हे स्वतःच चहा करून समोर ठेवतात. असं आमचं घर चाललं, दोघं एकमेकांना जपत, मुकाट.

आईचं काय करायचं, ते डॉक्टरनंच सुचवलं. फोनमध्ये बसवायची एक सोय होती. जुना आवाज साठवलेला असला तर तुम्ही बोलाल ते पलीकडच्याला त्या जुन्या आवाजात ऐकू जातं, त्याच क्षणी. माझा जुना आवाज होता कुठं? टोळीच्या ग्रुपवर! सहा वर्षं रोज संध्याकाळी मी बायांना बोलून निरोप टाकायचे. "उद्या साडेसहाला गाडी. कात्र्या आपापल्या आणा. हिराबाई, उशीर झाला तर चालत ये." बायांनी सगळे शोधून दिले. हिराबाई त्या दिवशी चेष्टा विसरली, माझ्या गळ्यात पडून रडली.

पाच महिन्यांनी मी फोनवर "आई" म्हटलं. तिकडून लगेच, "योगी! मेले, कुठं उलथली होतीस?"

मी तोंडात पदर कोंबला.

"आणि ओरडतेस काय गं अशी? मी अजून बहिरी नाही झाले!"

मुकादमाच्या निरोपांतून शिकलेला आवाज, तो दटावणारच. मी हसले, रडले, ज्येष्ठमधाचं विचारलं. रोज दिवेलागणीला परत आमचं बोलणं सुरू झालं. वर्षभर चाललं. मी स्वतःला समजावलं, आईला लेक मिळाली ना, मग झालं.

मग गेल्या फाल्गुनात दादाचा फोन आला. "आईनं अन्न सोडलंय. डॉक्टर म्हणतात, आठ-दहा दिवस. ये."

आम्ही दोघं गेलो. ती खाटेवर एवढीशी होऊन पडली होती. माझ्यानं राहवलं नाही. तिचा हात धरला आणि "आई" म्हटलं.

तिनं हात झटकला. अंगात जीव नव्हता, तरी झटकला. "कोण बाप्या आहे हा? निवृत्ती! ह्याला बाहेर काढ! माझ्या खाटेवर बसलाय!"

दादानं समजावलं, वहिनीनं समजावलं. एकदा फोनही तिच्या उशाशी धरून बघितला. मी शेजारी हळू बोलत होते, तर तिला जवळचा जाड आवाज आणि फोनमधली योगी, दोन्ही एकदम ऐकू आले. ती इतकी घाबरली, की पुन्हा करून बघायची छाती झाली नाही. मी खोलीबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. इतकं एकटं मला जन्मात वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तोंड उघडलं नाही. दादानं आईला सांगितलं, तुझ्या सेवेला माणूस ठेवलाय, मुका आहे. तिनं ते मानलं. मी अंग पुसलं, पेज भरवली, पाठ चोळली. बाप्याच्या हातात बांगड्या कशा, म्हणून ती दचकली, तेव्हा बांगड्याही काढून ठेवल्या. हे दारातून बघत होते. नवरा जिवंत असताना बायको हातातल्या बांगड्या उतरवतेय हे बघून त्यांनी तोंड फिरवलं.

आणि दिवेलागण झाली की आई विचारायची, "योगीचा फोन कसा नाही आला?" मी उठायचे, अंगणातल्या पेरूखाली जायचे आणि तिथून फोन लावायचे. आत दादा तिच्या कानाशी फोन धरायचा. माझ्यात आणि तिच्यात पंधरा पावलं आणि एक भिंत.

चौथ्या संध्याकाळी ती फार थकली होती, पण बोलायचं होतं तिला.

"योगी, कधी येतेस?"

"येते, आई. निघालेच आहे."

"लवकर ये. नुसते फोन करतेस. बाई, मी थांबायची नाही आता फार."

"येते गं."

"इथं एक बाप्या येतो माझ्यापाशी. मुका आहे बिचारा. पण हाताला काय गुण आहे! काल माझी वेणी घातली. तू घालायचीस तशी, कानामागून ओढून. रडतो गं तो मधूनमधून. माझ्या हातावर पाणी पडतं ना, मला कळतं."

मोबाइलनं माझा हुंदकासुद्धा बारीक करून पाठवला असेल.

"उन्हातला माणूस आहे. हात खरबरीत लागतात. त्याला काहीतरी द्यायला पाहिजे गं. एक कर, येताना तुझ्या नवऱ्याचा एखादा जुना सदरा घेऊन ये त्याला. पूर्ण बाह्यांचा. ऊन नाही लागणार."

हे माझ्या मागंच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. अकरा सदरे जाळल्यापासून ते अर्ध्या बाह्यांचेच घालतात, पण पाहुण्याच्या घरी म्हणून त्या दिवशी एक नवा, पांढरा, पूर्ण बाह्यांचा अंगात होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आणते, आई," मी म्हटलं.

सकाळी उठले तर तो सदरा धुऊन, वाळवून, घडी करून माझ्या उशाशी ठेवलेला होता. हे बनियनवर अंगणात बसले होते. मला म्हणाले, "घाल. आता त्यात काही नाही. कढत पाण्यानं दोनदा धुतलाय." मग, "आईनं मागितलाय."

दीड वर्षानं मी ह्यांचा सदरा साडीवर चढवला. बाह्या दुमडल्या नाहीत. आत गेले आणि आईच्या खाटेशी बसले. पावलं ऐकून ती म्हणाली, "आलास का बाबा?" तिचा हात चाचपडत माझ्या दंडावर आला. कापड तिनं चिमटीत धरलं, बाहीवरून मनगटापर्यंत बोटं फिरवली, बटण चाचपलं. कालची संध्याकाळ आणि आजची सकाळ ह्यात किती वेळ गेला, ते तिला आता कळत नव्हतं.

"योगीनं पाठवला ना हा?" ती म्हणाली. तिचा चेहरा किती दिवसांनी हसला. "मला माहीत होतं. गुणाची आहे माझी पोर. येतेय ती. वाटेत आहे."

मी मान हलवली. तिला ती दिसली नाही.